आजचा दर

अंधेरीला मेट्रोच्या पुलाखाली आमचं पैसे बदलायचं दुकान.
टपरीच ती. काच बसवली म्हणून काउंटर म्हणायचं.
साडेनऊला मी फळ्यावर दर चढवते:
डॉलर, युरो, दिरहम, रियाल,
आणि सगळ्यात खाली लिरा.
लिऱ्याचा आकडा हल्ली मी दाबून लिहीत नाही,
दुपारपर्यंत पुसावाच लागतो.

परवा एका संस्थेतली मुलगी आली, हातात तक्ता.
दोन रकाने. तुर्की. सीरियन.
उत्पन्न, भाडं, बचत, घरी पाठवलेली रक्कम.
"ताई, तुम्ही रोज बघता. तुम्हीच सांगा."

दोन समाज कुठले, मला दोन माणसं माहीत.

सेरहात वर्सोव्याला राहतो, करार कंपनीच्या नावावर.
त्याच्या मिठाईच्या दुकानात रंगीत काचांचे दिवे टांगलेत,
लोक आधी दिव्यांचे फोटो काढतात, मग खातात.
सात तारखेला येतो. काचेखालून पासपोर्ट सरकवतो
हुकमाचा एक्का टाकावा तसा.
इझमीरला आईच्या नावावर. पावती. सही.
तोही कुरकुरतो, नाही असं नाही.
बाप वीस वर्षं जर्मनीत पट्ट्यापाशी उभा होता,
त्यानं साठवलेलं बँकेतल्या बँकेत विरघळलं,
साखर पाण्यात विरघळते तसं,
फक्त पाणी गोड झालं नाही.

हनादी जोगेश्वरीला. गल्लीच्या आत गल्ली,
दहा बाय बारा, डिपॉझिट दुसऱ्याच कुणीतरी भरलेलं.
तिच्याकडे संयुक्त राष्ट्रांचं निळं कार्ड आहे.
आमच्या यादीत ते बसत नाही.
ती पैसे पाठवायला येत नाही,
पाठवता येत नाहीत म्हणून विचारायला येते.
"होम्सला जातात?"
"नाही जात."
"पुढच्या महिन्यात?"
"विचारून ठेवते."
मी कुणालाच विचारलेलं नाही.
दुबईला जाणारा कुणी भेटला तर त्याच्या खिशातून,
तिथून आणखी कुणाच्या, असे जातात म्हणे.
अर्धे पोचले तरी ती पेढे वाटल्यासारखी हसते.

मुलगी भराभरा लिहीत होती.
कोण कोणाकडे कामाला, हा रकाना तक्त्यात नव्हता.

सेरहातच्या भटारखान्यात कुनाफा हनादी करते.
केसासारख्या शेवया, त्यावर तूप, त्यात चीज,
ताट उलटं करताना श्वास धरते.
डब्यावर सोनेरी अक्षरं: अस्सल तुर्की.
अर्धा किलो चारशे ऐंशी.
तिचा रोज चारशे.

एकदा मी विचारलं, राग नाही येत?
मोडक्या हिंदीत म्हणाली,
"तुर्की म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, अजून काय आहे?
सीरिया म्हटलं की विचारतं, घर राहिलं का?
दुसऱ्या प्रश्नावर मिठाई खपत नाही."

माझी आई लालबागला एका बाईंकडे लाडू वळायची.
पाकिटावर बाईंचं आडनाव, खाली 'घरगुती'.
घर आमचंही होतं, पण ते नव्हे.
बाई वाईट नव्हत्या. दिवाळीला साडी द्यायच्या.
ते पाकीट आम्ही कधी विकत घेतलं नाही,
परवडत नव्हतं म्हणून की काय म्हणून,
आई गेली, आता विचारणार कुणाला.

हे मी मुलीला सांगितलं नाही.
रांग वाढली होती, एक गृहस्थ रियाल घेऊन खोकत होते.
तिनं शेवटची ओळ भरली.
व्यवसाय: मिठाई. शेजारी पुन्हा, मिठाई.
"बघा ना," ती खूश होऊन म्हणाली,
"इथे तरी दोघं सारखे."

संध्याकाळी फळा पुसला.
लिऱ्याच्या खाली एक ओळ रोज मोकळी राहते,
तिथे काही लिहायचं नसतं.
फडकं तिथूनही फिरवते मी.